शेक चालू असताना घटणारे वजन आणि नळीचा वाद

निपाणीच्या बिडी-तंबाखूचा विषय निघाला की सीमाभागाला 1981 चे भावासाठीचे आंदोलन आठवते. त्याच तंबाखूची दुसरी बाजू, तोंडाघशाचे कॅन्सर, मागेच राहिली. कर्नाटकात गुटखाबंदी आली तीसुद्धा 2013 मध्ये.

या कॅन्सरवर शेक, म्हणजे किरणोपचार, देणारी कोबाल्ट यंत्रे 1951 पासूनची. त्यांच्या रुंद झोतात लाळग्रंथीही सापडत, तोंड कोरडे पडून खाणे सुटे, रुग्ण वाळत जाई आणि ‘एवढे व्हायचेच’ म्हणून विषय संपे. 2005 मध्ये पोर्तुगालमधील 75 रुग्णांच्या चाचणीत, ज्याच्या त्याच्या खाण्याप्रमाणे सल्ला मिळालेला गट तीन महिन्यांनी नुसता पूरक आहार घेणाऱ्यांपेक्षा सुस्थितीत निघाला. 2013 मध्ये नेदरलँड्समधील 1340 रुग्णांच्या नोंदी आल्या. शेक चालू असताना 5 टक्क्यांहून जास्त वजन घटलेल्यांपैकी 82 टक्के जण 5 वर्षांत त्या कॅन्सरने दगावले नव्हते. बाकीच्यांत हे प्रमाण 89. साठ किलोच्या माणसाचे 5 टक्के म्हणजे फक्त 3 किलो. अर्थात वजन घटल्याने आजार बळावतो की बळावलेला आजारच वजन खातो, हे नोंदींवरून ठरत नाही.

भांडण आहे ते नळीचे. पोटावरून थेट जठरात नळी बसवण्याची दुर्बिणीची पद्धत 1980 ची. ती शेकाआधीच बसवावी, की गिळणे बंद पडल्यावर? आधी बसवली तर वजन कमी घटते, पण आयुष्य वाढल्याचे स्पष्ट दिसलेले नाही. शिवाय नळीवर फार दिवस काढले की गिळण्याचे स्नायू सुस्तावतात. म्हणून ‘थांबून पाहू’ म्हणणारे बरेच. पण थांबायचे तर रोज पाहणारे कोणीतरी हवे. शेकाच्या 35 फेऱ्या, 7 आठवडे. तोंड सोलायला लागते दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात. खानापूर-चिकोडीकडून बसने येणारा माणूस आंबीलही उतरेना झाली तरी चार दिवस अंगावर काढतो, मग सांगतो. घरच्यांच्या लेखी नळी म्हणजे आता काही खरे नाही. होकार मिळेपर्यंत आणखी दिवस जातात. मुळातच कृश असलेल्या रुग्णाला इथे तरी नळी आधी बसवलेली बरी.

2023 मध्ये महाराष्ट्राने आपली आरोग्य योजना 865 सीमागावांना देऊ केली, कर्नाटकाने हरकत घेतली. गाजले ते योजनेचे कार्ड. शेकासाठी कोल्हापूर-मिरजेला राहून 7 आठवडे खायचे काय, हे कोणी विचारले नाही.

अलीकडे वजनकाट्यावरही भरवसा उरलेला नाही. जाड माणसाचे स्नायू झिजले तरी काट्यावर ते उशिरा कळते. त्यासाठी वेगळी तपासणी लागते असेही नाही. शेकाच्या आखणीला काढलेल्या सीटी स्कॅनमध्येच मानेचे स्नायू मोजता येतात.