कल्चरचा रिपोर्ट त्याच दिवशी का मिळत नाही? आमच्या लॅबमध्ये येणाऱ्या सगळ्यांसाठी थोडी माहिती

दादा, ताई, आबा, आक्का, सगळ्यांना नमस्कार. काउंटरवर रोज कोणीतरी विचारतंच, "सीबीसी (रक्तातल्या पेशी मोजायची तपासणी) दोन तासांत देता, मग लघवीच्या कल्चरला तीन दिवस कशाला?" गर्दीत उभ्या उभ्या नीट सांगता येत नाही, म्हणून हा कागद छापलाय. घरी न्या, सावकाश वाचा, आणि घरात म्हातारं माणूस असेल तर त्यांना वाचून दाखवा.

सुरुवात दह्यापासून करू. मे महिन्यात आपल्याकडे ऊन ४५ डिग्रीला टेकतं तेव्हा विरजण चार-पाच तासांत लागतं, जरा विसरलं की आंबट ढाण, आणि तेच विरजण थंडीत, भरीत पार्टीच्या दिवसांत, रात्रभर ठेवलं तरी सकाळी पातळच. कारण दही लावणारे पण जंतूच, बॅक्टेरिया, आणि ते ऊब मिळाली तरच वाढतात. आमचं कल्चर म्हणजे पण विरजणच समजा. तुमच्या लघवीचा थेंब जंतूंचं खाणं असलेल्या प्लेटवर पसरवतो, ३७ डिग्रीच्या कपाटात म्हणजे इनक्यूबेटरमध्ये ठेवतो आणि दुसऱ्या दिवशी बघतो की काय उगवलं.

लघवीच्या इन्फेक्शनमध्ये जास्त करून ई. कोलाय नावाचा जंतू निघतो, याला सगळं मनासारखं मिळालं तर २० मिनिटांत एकाचे दोन होतात. संध्याकाळी ७ ला एक असेल तर रात्री २ पर्यंत हिशोबाने २० लाखाच्या वर! तरी एक दिवस उगवायला जातो, मग त्यावर औषधात भिजवलेल्या कागदाच्या बारीक टिकल्या ठेवतो आणि अजून एक दिवस थांबतो. ज्या टिकलीभोवती पुरेसं मोठं मोकळं गोल रिंगण पडलं ते औषध चालतं, रिपोर्टवर तिथे एस लिहिलेलं असतं. जिथे जंतू टिकलीला चिकटून आरामात वाढलाय तिथे आर, म्हणजे ते औषध त्याला आता लागूच पडत नाही. त्या आर ची रांग लांब दिसली की आम्हाला खरंच वाईट वाटतं, कारण डॉक्टरांच्या हातात मग एक-दोनच औषधं उरतात, ती पण महागडी आणि बऱ्याचदा सलाईनमधून द्यायची.

हे आर कुठून येतं तर अर्धवट आणि विनाकारण खाल्लेल्या गोळ्यांमधून. मी स्वतः हे केलंय. मुलगा चार वर्षांचा असताना सर्दी-ताप आला, कपाटात मागच्या वेळची अँटिबायोटिकची अर्धी बाटली होती, ती पाजली. सर्दी व्हायरसची, त्यावर ते औषध काडीचं काम करत नाही, उलट पोटातले चांगले जंतू मेले आणि पोराला चार दिवस जुलाब. लॅबमध्ये काम करणाऱ्या माणसाने केलेली चूक आहे ही, म्हणून तुम्हाला एवढं कळकळीने सांगतोय.

बॅक्टेरिया आणि व्हायरस यात लोकांची गल्लत होते. बॅक्टेरिया हा पूर्ण जीव, स्वतःचं स्वतः खातो, वाढतो. व्हायरस त्याच्यापेक्षा कितीतरी बारीक आणि एकटा असला की काहीच करू शकत नाही, आपल्या पेशीत शिरून तिच्याकडूनच स्वतःच्या कॉप्या काढून घेतो. सर्दी, डेंग्यू, कांजिण्या, गोवर हे व्हायरसचे, तर टायफॉईड, टीबी, धनुर्वात बॅक्टेरियाचे. मलेरियाचा जंतू या दोघांपेक्षा वेगळा, परजीवी. आणि जांघेतला नायटा म्हणजे बुरशी, त्यावर मेडिकलवरून स्टिरॉइडवाली ट्यूब आणून लावू नका, दोन दिवस खाज थांबते आणि मग दुप्पट पसरतो.

आता अंगातली राखण. केळीच्या बागेला कडेने शेवरी लावतो ना आपण, वारा अडवायला, तशी आपली कातडी. डोळ्यातलं पाणी, नाकातला शेंबूड, पोटातलं ॲसिड ही पण राखणच. यातून निसटून काटा-खिळ्याबरोबर जंतू आत गेला की तिथे पांढऱ्या पेशी धावत येतात. न्युट्रोफिल नावाच्या पेशी जंतू गिळतात आणि स्वतः पण मरतात, पू म्हणतो त्यात याच मेलेल्या पेशी असतात. पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येतं, ती गाठ म्हणजे या पेशींचं ठाणं, तिथे काम वाढलं म्हणून सुजते. ताप पण जंतू स्वतः आणत नाही, आपलंच शरीर मुद्दाम अंग तापवतं, कारण बऱ्याच जंतूंना जास्त उष्णता मानवत नाही.

म्हणून सीबीसीत पांढऱ्या पेशी मोजतो. मोठ्या माणसात साधारण ४,००० ते ११,०००. खूप वाढल्या आणि त्यात न्युट्रोफिल जास्त असले तर बॅक्टेरियाचा संशय, लिम्फोसाईट जास्त तर बहुतेक व्हायरल, इओसिनोफिल वाढले तर जंत किंवा ॲलर्जी. पण हा नुसता अंदाज, टायफॉईडमध्ये पेशी वाढतीलच असं नाही, तेव्हा रिपोर्ट मोबाईलवर शोधून स्वतःच औषध ठरवू नका.

डेंग्यूच्या सीझनला सगळे फक्त "पेशी किती" विचारतात, म्हणजे प्लेटलेट. नॉर्मल दीड लाख ते साडेचार लाख. त्या कमी होतात हे खरं, पण जास्त लक्ष ताप उतरताना ठेवा. तीन ते सात दिवसांनी ताप उतरला, आणि त्याच वेळी पोटात जोरात दुखणं, सारखी उलटी, हिरड्यातून रक्त, सुस्ती असं काही दिसलं तर लगेच दवाखाना गाठा, पेशींच्या आकड्याची वाट बघू नका. अंगदुखीला ॲस्पिरिन, ब्रुफेन घेऊ नका, पॅरासिटामॉलच. आणि आपल्या भागात जिथे नळ चार-आठ दिवसांनी येतो तिथे ड्रम, टाकी, कूलर यातच हा डास होतो, अंडी भांड्याच्या कडेला चिकटतात आणि पाणी ओतून दिलं तरी महिनोन् महिने जिवंत राहतात, म्हणून आठवड्याला ड्रम आतून घासायचाच.

टायफॉईडच्या विडाल टेस्टबद्दल पण स्पष्ट बोलतो. बरेच जण येऊन "आंग फुटी ऱ्हायनं, विडाल करी द्या" म्हणतात. ही टेस्ट जंतू शोधत नाही, जंतूविरुद्ध अंगाने बनवलेल्या अँटिबॉडी शोधते. अँटिबॉडी पहिल्यांदा बनायला आठवडा-दोन आठवडे लागतात, म्हणून दुसऱ्याच दिवशी केली तर टायफॉईड असून निगेटिव्ह येऊ शकते, आणि जुन्या इन्फेक्शनमुळे किंवा लशीमुळे टायफॉईड नसून पॉझिटिव्ह पण. पहिल्या आठवड्यात रक्ताचं कल्चर जास्त भरवशाचं. ते विकायचं म्हणून नाही सांगत, विडालचेच पेशंट आमच्याकडे जास्त आहेत.

एकदा अँटिबॉडी बनल्या की शरीर तो जंतू लक्षात ठेवतं, दुसऱ्या वेळी पटकन तयारी करतं. लस म्हणजे आजाराशिवाय ही ओळख करून देणं. आजीच्या दंडावर देवी काढल्याचा वण असेल तो बघा, १९८० मध्ये जगातून देवी संपली असं जाहीर झालं, ती लशीनेच. धनुर्वातात मात्र एकदा आजार होऊन गेला तरी शरीर लक्षात ठेवत नाही, म्हणून इंजेक्शन प्रत्येकाला लागतंच. कुत्रं चावलं तर मिरची, चुना, तेल काही लावू नका, वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी लस चालू करा. धडगाव, अक्कलकुव्याकडून सिकलसेलचे (रक्तातल्या लाल पेशींचा जन्मापासूनचा आजार) पेशंट येतात, त्यांची प्लीहा, म्हणजे पोटातला रक्त गाळून जंतू पकडणारा अवयव, नीट काम करत नाही म्हणून काही बॅक्टेरिया त्यांना लवकर आणि जोरात धरतात, त्यांनी न्यूमोनियाच्या लशीबद्दल डॉक्टरांना नक्की विचारावं.

टीबीचा जंतू उलटा, फार हळू वाढतो, एकाचे दोन व्हायला १५ ते २० तास. त्याच्या कल्चरला कित्येक आठवडे लागतात आणि साध्या टीबीला पण गोळ्या निदान सहा महिने, दोन महिन्यांत बरं वाटलं म्हणून सोडायच्या नाहीत. सरकारी दवाखान्यात मशीनवर याची तपासणी काही तासांत आणि फुकट होते, आमच्याकडे पैसे घालवण्याआधी तिथे विचारा.

कल्चरसाठी येताना सॅम्पल अँटिबायोटिकची पहिली गोळी घ्यायच्या आधी द्या, पण माणूस सिरीयस असेल तर डॉक्टरांचं औषध आमच्यासाठी थांबवू नका. गोळी चालू झाली असेल तर लपवू नका, आम्ही रागावणार नाही, फॉर्मवर लिहायचं असतं. लघवीची डबी आमच्याकडूनच न्या, आतून हात लावू नका, घरची धुतलेली बाटली चालत नाही. जागा पाण्याने धुवून सुरुवातीची धार सोडून मधली घ्या आणि तासाभरात पोहोचवा. उन्हाळ्यात डबी गाडीच्या डिकीत ठेवून बाजार करत आलात तर वाटेतच जंतू वाढतात आणि रिपोर्ट खोटा येतो. उशीर होणार असेल तर डबी फ्रीजमध्ये ठेवा, फ्रीझरमध्ये नाही.