‘सीईए नॉर्मल’ म्हणजे आतड्याचा कॅन्सर नाही?

‘रक्तातलं सीईए तपासून घ्या, मोठ्या आतड्याचा कॅन्सर आहे की नाही ते लगेच कळतं.’ पुण्यातल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हा सल्ला कित्येक वर्षं फिरतोय. तो चुकीचा आहे.

सीईए हे प्रथिन १९६५ साली गोल्ड आणि फ्रीडमन या संशोधकांनी कॅनडातल्या मॉन्ट्रियलमध्ये शोधलं. तेव्हा आशा मोठी होती, पण ती टिकली नाही. कॅन्सर सुरुवातीच्या टप्प्यात असताना बहुतेकांचं सीईए नॉर्मलच येतं. उलट सिगारेट ओढणाऱ्यांचं, यकृताचा आजार किंवा आतड्याला सूज असणाऱ्यांचं कॅन्सर नसतानाही वाढतं. म्हणजे निर्धास्त व्हावं तर फसगत, घाबरावं तर बहुधा विनाकारण!

मग ही तपासणी निरुपयोगी का? मुळीच नाही. निदान झालेल्या रुग्णात ऑपरेशनआधीचा आकडा पुढचा अंदाज बांधायला मदत करतो. ऑपरेशननंतर खाली आलेला आकडा पुन्हा चढू लागला, तर आजार उलटल्याची शंका घेऊन स्कॅन केला जातो. तिचं खरं काम हेच.

लक्षणं नसताना लवकर शोध घ्यायचा, तर शौचातलं न दिसणारं रक्त पकडणारी ‘फिट’ तपासणी आहे. ती पॉझिटिव्ह आली की कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीनं मोठ्या आतड्याची आतून तपासणी, हवीच. आतड्यातली गाठ तिचा कॅन्सर होण्याआधीच काढता येते ती तिथे.

आणि शौचावाटे रक्त दिसलं की ‘मूळव्याध असेल, तिखट बंद करा’ म्हणणारे आपल्याकडे घरोघरी आहेत. अशा वेळी सीईए नाही, फिटही नाही, थेट डॉक्टर गाठा.