नवी गाडी घेताना भाव कसा ठरवावा
ग्राहकांसाठी माहितीपत्रक

शोरूमच्या टेबलावर आपल्याला वाटते की आपण एक गाडी घेतो आहोत. प्रत्यक्षात तिथे एकाच वेळी चार व्यवहार चालू असतात: नव्या गाडीचा भाव, जुन्या गाडीची किंमत, कर्ज, आणि विमा-अ‍ॅक्सेसरीज. पहिल्यात दिलेली सूट तिसऱ्या-चौथ्यात वसूल झाली, तरी घरी येताना सौदा छान झाल्यासारखेच वाटते. म्हणून आमचा पहिला आग्रह असा, की हे चारही व्यवहार वेगळे ठेवा आणि तुलना मात्र एकाच आकड्याची करा. तो आकडा म्हणजे किल्ली हातात येईपर्यंत खिशातून जाणारी एकूण रक्कम.

आम्ही गाड्या विकत नाही. ग्राहकाच्या वतीने कोटेशन मागवणे, ते ओळीनुसार तपासणे आणि भाव ठरवून देणे एवढेच आमचे काम आहे. ज्यांना हे काम स्वतःच करायचे आहे, त्यांनाही हे पत्रक उपयोगी पडावे.

कोटेशन लेखीच घ्या

मॉडेल, व्हेरिएंट, गिअरबॉक्स आणि रंग घरीच पक्के करा. मग त्याच कंपनीच्या किमान तीन शोरूमकडून लेखी कोटेशन मागवा. एकच वाक्य लिहा: "गाडी ताब्यात देईपर्यंतचा एकूण आकडा आणि त्यातली प्रत्येक रक्कम वेगळ्या ओळीत कळवावी." फोनवर सांगितलेला भाव जमेस धरू नका.

लेखीचा आग्रह केवळ पुराव्यासाठी नाही. समोर कोण बसले आहे ते पाहूनही भाव बदलतो. इयन एअर्स आणि पीटर सीगलमन या अभ्यासकांनी शिकागोतल्या शोरूममध्ये प्रशिक्षित 'ग्राहक' पाठवले होते. सगळ्यांचे बोलणे सारखे, मागणी सारखी. तरीही गोऱ्या पुरुषांना सांगितलेले भाव स्त्रियांना आणि कृष्णवर्णीयांना सांगितलेल्या भावांपेक्षा कमी निघाले. १९९५ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. ई-मेलवरून तीन ठिकाणी एकच प्रश्न गेला, की चेहरा, कपडे, घाई, गाडीवर जडलेला जीव यांतले काहीच समोरच्याला दिसत नाही. एकट्याने शोरूममध्ये जायला बिचकणाऱ्या ग्राहकांना आम्ही हा मार्ग आवर्जून सुचवतो.

कोटेशन हातात आले की ओळींचे तीन गट करा. कर आणि नोंदणी हा पहिला गट. एकाच ठिकाणच्या नोंदणीसाठी, एकाच गाडीला आणि एकाच किमतीला हे आकडे सगळीकडे सारखे यायला हवेत. एखाद्याकडे जास्त दिसले तर हिशेब मागा. दुसरा गट गाडीची मूळ किंमत आणि तिच्यावरची सूट. तिसऱ्या गटाकडे मात्र नीट पाहा: हाताळणी खर्च, कागदपत्रांचा खर्च, 'आवश्यक' किट, कोटिंग, मॅट, सीट कव्हर, वाढीव वॉरंटी. यातले बरेचसे ऐच्छिक असते, पण छापील अक्षरात आले की सक्तीचे वाटू लागते. प्रत्येक ओळीवर बोट ठेवून विचारा, "ही काढली तर गाडी मिळणार नाही का?" उत्तर चाचरत आले, तर ती ओळ काढता येते असे समजा.

कंपनीने जाहीर केलेली किंमतही अनेक देशांत केवळ 'सुचवलेली' असते. अमेरिकेत तर १९५८ च्या कायद्यापासून ती नव्या गाडीच्या काचेवर लावावी लागते, आणि तरीही प्रत्यक्ष सौदे त्या आकड्याच्या वर-खाली होतात.

वेळ आणि साठा

विक्रेत्याला महिन्याचे आणि तिमाहीचे लक्ष्य असते. ते गाठले तर कंपनीकडून मिळणारा बोनस एका गाडीवरच्या नफ्यापेक्षा मोठा असू शकतो. त्यामुळे महिनाअखेरीस सूट द्यायला जागा असते. शिवाय आवारात उभ्या असलेल्या गाड्या बहुधा कर्जावर घेतलेल्या असतात. गाडी जितके दिवस पडून, तितके व्याज. नवे मॉडेल येण्याच्या तोंडावर जुन्याची सूट वाढते ती याचमुळे.

मात्र जुना साठा घेताना त्याचे वय पाहून भाव करा. निर्मितीचा महिना आणि वर्ष कोटेशनवरच लिहून मागा. टायरच्या कडेवरच्या कोडचे शेवटचे चार आकडेही बोलतात: ३५२४ म्हणजे २०२४ च्या पस्तिसाव्या आठवड्यात बनलेला टायर. टायर गाडीच्या आधी काही आठवडे बनलेला असणारच, पण अंतर वर्षभराचे असेल तर चौकशी करा. गाडी विकायला काढाल तेव्हा निर्मितीचे वर्ष विचारले जाईल, म्हणून आजची सूट त्या नुकसानापेक्षा मोठी हवी. गाडी सात-आठ वर्षे वापरणार असाल, तर मागच्या वर्षीची गाडी खुशाल घ्या; आमच्या मते तो बहुतेक वेळा चांगलाच व्यवहार असतो.

ज्या गाडीला प्रतीक्षायादी आहे, तिच्यावर सूट मागण्यात वेळ घालवू नका. तिथे तिसऱ्या गटातल्या ओळी कमी करून घ्या.

हप्ता हा भाव नव्हे

"महिन्याला किती बसेल तुम्हाला?" या प्रश्नाचे उत्तर देऊ नका. हप्ता कमी करायचा झाला तर मुदत वाढवली की काम भागते. १०० रुपये ९ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतले तर एकूण सुमारे १२४.५० रुपये फेडावे लागतात. तेच सात वर्षांसाठी घेतले तर हप्ता २ रुपये ८ पैशांवरून १ रुपया ६१ पैशांवर येतो आणि फेड १३५ च्या पुढे जाते. गाडी तीच, भाव तोच.

व्याजदर 'फ्लॅट' (पूर्ण मुदतभर मूळ कर्जावर) सांगितला आहे की घटत्या शिलकीवर (फक्त फेडायच्या उरलेल्या कर्जावर), हे आधी विचारा. पाच वर्षांचा ७ टक्के फ्लॅट दर घटत्या शिलकीवर साधारण साडेबारा टक्के पडतो. आणि शून्य टक्के व्याजाची योजना असेल तर विचारा, "रोख घेतली तर किती सूट?" समजा रोखीवर ६ टक्के सूट आहे आणि शून्य टक्के योजनेत ती मिळत नाही. मग तीन वर्षांचे ते 'बिनव्याजी' कर्ज प्रत्यक्षात वर्षाला सुमारे ४ टक्क्यांचे झाले. तरीही ते स्वस्त असू शकते. फक्त फुकट नाही, इतके लक्षात ठेवा.

शोरूममध्ये जाण्याआधी आपल्या बँकेकडून दर लेखी आणा. शोरूमचा दर त्याहून कमी असेल तर तोच घ्या.

जुनी गाडी आणि विमा

जुन्या गाडीची किंमत दोन बाहेरच्या खरेदीदारांकडून आधी काढून ठेवा. नव्या गाडीचा भाव कागदावर येईपर्यंत एक्स्चेंजचा विषय काढू नका. नाहीतर जुनीला चढी किंमत आणि नवीला कमी सूट, असा हिशेब समोर येतो आणि तो उलगडत बसावे लागते. एक्स्चेंज बोनस असेल तर तो वेगळ्या ओळीत दाखवायला सांगा.

विम्यासाठी तेच संरक्षण, तीच विमा रक्कम आणि तीच अ‍ॅड-ऑन धरून बाहेरून दर मागवा. एका शोरूमच्या कोटेशनमध्ये विमा धरला आणि दुसऱ्यात वगळला, तर दोन्हींची तुलनाच होत नाही.

बुकिंग

आगाऊ रक्कम शक्य तितकी कमी द्या. पावतीवर व्हेरिएंट, रंग, ठरलेला एकूण आकडा, ताब्याची अंदाजे तारीख आणि रद्द केल्यास परताव्याची अट लिहून घ्या. भाव ठरल्यावर मात्र सारखे मागे जाऊन आणखी हजार-पाचशे मागत राहू नका. शोरूममधल्या ज्या विक्री सल्लागाराशी तुम्ही नीट वागलात, तोच पुढे नोंदणीला उशीर झाला की तुमचे काम पुढे रेटतो.

बाकी रक्कम भरण्यापूर्वी गाडी दिवसाउजेडी पाहा: चेसिस क्रमांक कागदांशी जुळतो का, ओडोमीटरवर किती किलोमीटर आहेत, रंग एकसारखा आहे का. डेमो गाडी असेल तर तिचा भावही डेमो गाडीचाच हवा.

आमच्याकडे येताना

मिळालेली सगळी कोटेशन, बँकेचा दर आणि जुन्या गाडीची कागदपत्रे आणा. तपासणीचे शुल्क आधी ठरलेले असते. वाचलेल्या रकमेत आम्ही वाटा घेत नाही आणि कोणत्याही शोरूमकडून, बँकेकडून किंवा विमा कंपनीकडून कमिशन घेत नाही. तुमचे कोटेशन मुळातच योग्य असेल, तर तसे सांगून आम्ही ते सही करायला परत देतो.