चुनखडीच्या खडकावरचे कुरण आणि आंबट माती

अमेरिकेतील केंटकी राज्यात लेक्झिंग्टन शहराभोवती शर्यतीच्या घोड्यांची पैदास करणारी जी प्रसिद्ध केंद्रे आहेत, त्यांची कुरणे सुमारे 45 कोटी वर्षांपूर्वी उथळ समुद्रात साचलेल्या चुनखडीवर वसलेली आहेत. या खडकातील चुना गवतावाटे शिंगरांच्या हाडांत उतरतो, असे तिथे अभिमानाने सांगितले जाते. तरीही याच भागातील कुरणांची माती आंबट, म्हणजे आम्लधर्मी होत जाते आणि त्यांना अधूनमधून चुनखडीची भुकटी घालावी लागते.

याचे कारण मातीच्या जन्मातच आहे. पावसाच्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड विरघळून सौम्य आम्ल तयार होते. त्यात चुनखडी हळूहळू विरघळून वाहून गेली आणि जो न विरघळणारा गाळ मागे उरला, त्याचीच मुख्यतः ही माती बनली. उघड्या पडलेल्या खडकावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला की चुनखडीमुळे फेस येतो. वरच्या तपकिरी मातीवर मात्र तोच थेंब बहुधा गुपचूप जिरून जातो. वर्षाला 1100 मिलिमीटरांहून अधिक पडणारा पाऊस कॅल्शियम व मॅग्नेशियमचा निचरा करतच राहतो, आणि अमोनियायुक्त खते व कापून नेलेले वाळले गवत त्यात भर घालतात.

मातीची आम्लता सामू (pH) या मापाने मोजतात, आणि आकडा जितका कमी तितकी आम्लता जास्त. सामू 6 वरून 5 वर आला, तर आम्लता दसपट वाढते. सामू साधारण 5.5 च्या खाली गेला की मातीतील ॲल्युमिनियम विद्राव्य होऊन मुळांची टोके खुंटवू लागते, आणि क्लोव्हर या कुरणातील द्विदल चाऱ्याच्या मुळांवरील गाठींत नत्र स्थिर करणारे जिवाणू मंदावतात. गवत विरळ झाले की मोकळ्या जागेत तण शिरते. इतरत्र अशा मातीत स्फुरदही (फॉस्फरस) अडकून पडते, परंतु या भागातील चुनखडीतच स्फुरद भरपूर असल्याने ती चिंता इथे कमी आहे.

चुनखडीतील कॅल्शियममुळे आम्लता जाते, असा समज सर्रास आढळतो, पण ते काम खरे तर कार्बोनेटचे असते. हायड्रोजन आयनांशी त्याचा संयोग होऊन पाणी आणि कार्बन डायऑक्साइड बनतो. म्हणूनच जिप्सममध्ये (कॅल्शियम सल्फेट) कॅल्शियम असूनही त्याने सामू वाढत नाही. चुनखडी किती बारीक दळली आहे, यालाही तितकेच महत्त्व आहे, कारण जाडसर खडे वर्षानुवर्षे तसेच पडून राहतात. शुद्धता आणि बारीकपणा मिळून एखाद्या भुकटीची परिणामकारकता 67 टक्के भरली, तर 2 टनांच्या शिफारशीसाठी ती 3 टन घालावी लागते.

माती परीक्षणासाठी कुरणात साधारण 10 सेंटिमीटर खोलीपर्यंतचे नमुने घेतात, आणि इथे घोड्याचा स्वभाव आडवा येतो. घोडे ठरावीक जागी लीद टाकतात व तिथले गवत टाळतात, उलट दुसरीकडचे गवत मातीलगत कुरतडतात. परिणामी एकाच कुंपणात अन्नद्रव्यांनी भरलेले उंच गवताचे पट्टे आणि ओरबाडलेल्या जागा शेजारी-शेजारी दिसतात. दोन्हींची माती एकत्र कालवून काढलेली सरासरी दोन्हींपैकी कोणाचेच खरे चित्र दाखवत नाही.

गवतासाठी सामू 6 ते 6.5 पुरेसा असतो. त्यापुढे चुना ओतत राहिल्यास जस्त, तांबे आणि मँगनीज मुळांना मिळेनासे होते, आणि वाढत्या शिंगरांच्या हाडांना जस्त व तांबे हवेच असते. महाराष्ट्रातील काळ्या जमिनीत तर चुनखडीचे खडे निसर्गतःच असतात व सामू बहुधा 7.5 ते 8.5 असतो, तिथे ही भुकटी घालणे म्हणजे दुखणे विकत घेणे. कोकणातील जांभ्याच्या, पावसाने धुऊन निघालेल्या जमिनीचे गणित मात्र केंटकीच्या जवळ जाते.

उभे गवत न नांगरता भुकटी वरूनच पसरतात. ती वर्षाला काही सेंटिमीटरच खाली सरकत असल्याने मोठी मात्रा हप्त्या-हप्त्याने देतात आणि शक्यतो शरद ऋतूत पसरतात, म्हणजे हिवाळ्यातील पाऊस व गोठण-वितळण तिला मातीत उतरवते. कळीचा किंवा विरवलेला चुना लवकर काम करतो, पण तो दाहक असल्याने घोड्यांच्या कुरणात तो टाळलेलाच बरा. साधी भुकटी वापरली तरी, एक चांगला पाऊस पडून पात्यांवरचा पांढरा थर धुऊन जाईपर्यंत घोड्यांना दुसऱ्या कुरणात ठेवतात.