चोवीसच्या फांद्या

कोऱ्या कागदाच्या मधोमध २४ लिहा, भोवती गोल काढा आणि तिसरीतल्या मुलाला विचारा, हा आकडा तुला कुठे कुठे भेटतो? आधी २० + ४ येतं. मग ६ × ४, ३ × ८. कुणाला दिवसाचे तास आठवतात, कुणाला दोन डझन. एखादं पोर ‘४८ चं निम्मं’ लिहून मोकळं होतं. मधल्या गोलातून रेघ ओढून प्रत्येक उत्तराची एक फांदी काढायची. हाच माइंड मॅप, म्हणजे मनोनकाशा.

ब्रिटिश लेखक टोनी बुझान यांनी १९७४ मध्ये बीबीसीवरच्या मालिकेतून तो लोकप्रिय केला. त्याच दशकात अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात जोसेफ नोवाक यांनी त्याचा चुलतभाऊ घडवला, संकल्पना-नकाशा. त्यात दोन गोष्टी जोडणाऱ्या रेघेवरही शब्द लिहावे लागतात. गणितासाठी ही सवय उसनी घ्यावी असं माझं मत. ६ × ४ = २४ आणि २४ ÷ ४ = ६ या फांद्या नुसत्या शेजारी असून काय उपयोग? त्यांच्यामधल्या रेघेवर मूल ‘उलटं केलं’ असं लिहितं, तेव्हा गुणाकार आणि भागाकार हे त्याच्यासाठी दोन वेगळे धडे राहत नाहीत.

डोक्यात एका वेळी मोठ्यांच्याही जेमतेम चार गोष्टी मावतात, मुलांच्या त्याहून कमी. बाकीचा भार कागद उचलतो.

खरा फायदा मात्र शिकवणाऱ्याचा. १/२ आणि १/४ मधल्या रेघेवर कुणी ‘चार मोठे म्हणून हा मोठा’ असं लिहिलं, की गाडी कुठे अडली ते लगेच कळतं. चाचणीत तिथे फक्त लाल फुली पडली असती.

फळ्यावरचा तयार नकाशा उतरवून घेणं म्हणजे मात्र निव्वळ चित्रकला. (रंगीत पेनांवर तास जातो, ते वेगळंच.) २०११ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात जेफ्री कार्पिक आणि जॅनेल ब्लंट यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. मजकूर समोर ठेवून संकल्पना-नकाशा काढणाऱ्यांपेक्षा, तो बाजूला ठेवून आठवेल ते लिहिणाऱ्यांच्या लक्षात आठवड्यानंतर जास्त राहिलं होतं. ते विद्यार्थी महाविद्यालयातले होते आणि विषय गणित नव्हता, तरी वर्गात करून पाहायला हरकत नाही. पुस्तक मिटायचं आणि मग नकाशा काढायचा. आठवड्याने पुन्हा कोरा कागद, पुन्हा २४. जुना कागद शेजारी ठेवला की १०० − ७६ ही नवी फांदी मूल स्वतःच बोट ठेवून दाखवतं.