एएसएममध्ये ‘फ्री’ दिसते ती सगळी जागा तुमची नसते

एएसएम म्हणजे ओरॅकलची डिस्क सांभाळणारी व्यवस्था (ऑटोमॅटिक स्टोरेज मॅनेजमेंट). ओरॅकल क्लस्टर सांभाळणाऱ्यांमध्ये तिच्याबद्दल एक समज वर्षानुवर्षे फिरतो आहे: डिस्क ग्रुपमध्ये (एकत्र बांधलेल्या डिस्कमध्ये) ‘फ्री एमबी’ जेवढे दिसते, तेवढा डेटा अजून मावेल. एक्स्टर्नल रिडंडन्सीत, म्हणजे एएसएम स्वतः जादा प्रती ठेवत नाही तेव्हा, ठीक. नॉर्मलमध्ये, म्हणजे डेटाच्या दोन प्रती ठेवल्या जातात तेव्हा, हे साफ चूक आहे.

तीन फेल्युअर ग्रुप (एकदम बंद पडू शकणाऱ्या डिस्कचे गट) घ्या, प्रत्येकी १००० जीबी. एकूण ३००० पैकी १४०० भरले, फ्री १६००. पण प्रत्येक एक्स्टेंटची (डेटाच्या तुकड्याची) दुसरी प्रत वेगळ्या फेल्युअर ग्रुपमध्ये जाते, आणि अख्खा ग्रुप गेलाच तर त्यातल्या प्रती पुन्हा बनवायला १००० जीबी राखून ठेवावे लागतात. उरले ६००, त्याचे निम्मे ३००. खरी जागा एवढीच. ‘युजेबल फाइल एमबी’ हाच हिशेब दाखवते. एएसएमसीएमडी या कमांड-साधनात एलएसडीजी ही कमांड चालवा, डिस्क ग्रुपच्या ओळीतच सापडेल.

हा आकडा उणे झाला म्हणजे डेटा गेला, असे मात्र नाही. २२०० जीबी भरले की तो उणे १०० होतो, तरी प्रती शाबूत असतात, नवी फाइलही बनते. म्हणूनच कुणाच्या लक्षात येत नाही! मग एक ग्रुप पडतो, उरलेल्या २००० मध्ये २२०० बसत नाहीत, रिबॅलन्स (उरलेल्या डिस्कवर प्रती पुन्हा मांडणे) जागेअभावी अडतो आणि काही एक्स्टेंट एकाच प्रतीवर राहतात. अलर्ट फ्रीवर नको, युजेबलवर लावा.