पावलाच्या ऑपरेशननंतरचा ठणका आणि नसेची भूल

पावलाचं ऑपरेशन ठरलं की पेशंट ऑपरेशनपेक्षा त्या रात्रीला जास्त घाबरतो. ती भीती रास्तच आहे. हाड कापलेलं असेल तर पहिल्या रात्रीचा ठणका झोपू देत नाही. हा ठणका पावलाच्या नसा बधिर करून बराचसा टाळता येतो, म्हणून ऑपरेशनआधी भूलतज्ज्ञांना याबद्दल जरूर विचारावं.

पावलाची संवेदना मुख्यतः पाच नसा वाहून नेतात. चार मांडीमागून उतरणाऱ्या सायटिक नसेच्या शाखा. पाचवी, सॅफेनस, मांडीच्या पुढच्या फिमोरल नसेतून येते. त्यामुळे नुसती गुडघ्यामागे सायटिक बधिर केली, तर घोट्याच्या आतल्या बाजूला कापलेलं कळतं. सॅफेनसला वेगळं इंजेक्शन लागतं.

आतल्या घोट्याच्या मागे बोट टेकवा, नाडी लागेल. तिला लागूनच तळव्याची मुख्य नस, टिबियल, जाते. सोनोग्राफीत ती मधमाश्यांच्या पोळ्यासारखी दिसते. सुईचं टोक नसेत न घुसवता शेजारी ठेवून औषध सोडलं की तिच्याभोवती काळं वलय पसरतं. औषध नसेतल्या सोडियमच्या वाहिन्या, म्हणजे संदेश पुढे नेणारी सूक्ष्म दारं, बंद करतं, आणि वेदनेचा संदेश मेंदूकडे जातच नाही. या बधिर करणाऱ्या औषधांपैकी लिग्नोकेनचा असर साधारण एक-दोन तास, बुपिवाकेन किंवा रोपिवाकेनचा बहुधा 12 तास किंवा त्याहून जास्त.

सगळ्यात मोठा फायदा मधुमेहींना. हृदय, किडनी आधीच थकलेली असताना सडलेलं बोट काढायचं किंवा जखम साफ करायची, तर अनेकदा पूर्ण भूल न देता एवढ्यावर काम भागतं. पायाला आधीपासून बधिरपणा किंवा मुंग्या असतील, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर ते मात्र आधी सांगायलाच हवं.

असर उतरतो तेव्हा वेदना एकदम उसळते, तीही बऱ्याचदा मध्यरात्री. म्हणून दुखत नसतानाच, डॉक्टरांनी दिलेल्या वेळेला गोळी घ्यायची. बधिर पायाला शेकायचं नाही, कारण भाजलेलं कळत नाही. गुडघ्यामागे भूल दिली असेल तर पाऊल उचलतही नाही, तेव्हा आधाराशिवाय उभं राहू नये. बोटं निळसर किंवा गार पडली, प्लास्टर आवळल्यासारखं वाटलं किंवा दोन दिवसांनीही बधिरपणा गेला नाही, तर लगेच डॉक्टरांना फोन करा.